दोन चुकांचा साबण



समजा, एखाद्या मुलाला फळ्यावर १६/६४ हा अपूर्णांक सोपा करायला सांगितला. त्याने वरच्या १६ मधला ६ आणि खालच्या ६४ मधला ६ एकमेकांसमोर काट मारून खोडून टाकले आणि उत्तर लिहिले १/४. उत्तर बरोबर आहे! पण तुम्ही सगळे हसाल, कारण रीत साफ चूक आहे. याच रीतीने १३/३४ सोडवायला गेलात तर ३ खोडून पुन्हा १/४ च येईल आणि ते मात्र चूक असेल. उत्तर बरोबर आले म्हणजे रीत बरोबर होती असे मुळीच नाही, ही गोष्ट गणितात चटकन पटते. व्यवहारात ती पटायला मात्र कधी कधी मोठी किंमत मोजावी लागते.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. 'घनता' हा धडा मी दरवर्षी शिकवतो. तरीही अगदी अशीच चूक माझ्या हातून झाली. फळ्यावर नव्हे, तर साबणाच्या साच्यात. तिची हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे.

ताईचा उद्योग

माझी थोरली बहीण कोकणात आमच्या गावी राहते. २०१९ सालच्या सुरुवातीस तिने घरच्या घरी अंगाचा साबण तयार करण्याचा छोटा उद्योग करायचे ठरवले. मेहुण्यांची नोकरी सुटली होती आणि दोन मुलांची शिक्षणे व्हायची होती. परसात नारळ होते, गावच्या तेलगिरणीवर चांगले खोबरेल मिळत होते. घराबाहेर पत्र्याची शेड घालून कामाला जागा झाली. आपल्या कायद्यात अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो व तो विकण्यासाठी बनवायचा तर परवाना लागतो. त्यामुळे परवाना हाती येईपर्यंत विक्री करायची नाही, आधी हात बसवायचा आणि ओळखीच्या घरांतून वड्या वापरायला देऊन लोकांचे मत घ्यायचे, असे तिने ठरवले.

"तू शास्त्र शिकलास, तेव्हा कृती तू लिहून दे," असे ताई म्हणाली. मला तर आनंदच झाला.

कृती समजण्यासाठी साबण म्हणजे काय ते आधी पाहू.

तेलाचा साबण कसा होतो?

तेल किंवा चरबी यांच्या रेणूत मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या ग्लिसरीनच्या एका छोट्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून चरबीची ही घडण उलगडली आणि १८२३ साली आपल्या ग्रंथात ती जगापुढे मांडली. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. त्याचे पाण्यातील द्रावण तेलात मिसळून ढवळत राहिले, की सोडा या तिन्ही साखळ्या सांगाड्यापासून तोडतो. सोडियम आणि मेदाम्ल यांचा संयोग होऊन जो क्षार तयार होतो तोच साबण. सुटा झालेला सांगाडा म्हणजे ग्लिसरीन. या क्रियेला साबणीकरण म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तेलाच्या एका रेणूला सोड्याची तीनच एकके लागतात, अडीच नाही आणि साडेतीनही नाही. सोडा कमी पडला तर थोडे तेल तसेच उरते. त्याने फारसे बिघडत नाही, उलट साबण त्वचेला जरा सौम्य लागतो. पण सोडा जास्त झाला तर तो साबणात मोकळा उरतो. मोकळा कॉस्टिक सोडा त्वचेची आग करतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाण्याचीही भीती असते. म्हणजे दोन्ही बाजूंची चूक सारखी नाही. एका बाजूची चूक चालून जाते, दुसऱ्या बाजूची चालत नाही. म्हणून जाणकार साबणवाले हिशेबापेक्षा सुमारे ५ टक्के सोडा मुद्दाम कमी घालतात. पुलाला जेवढा भार पेलायचा त्याहून तो मजबूत बांधतात, तसाच हा प्रकार आहे.

किती तेलाला किती सोडा लागतो हे तेलाच्या जातीवर अवलंबून असते. खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. त्याच्या साखळीत कार्बनचे १२ अणू असतात. शेंगदाण्याच्या तेलातील प्रमुख ओलेइक आम्लाच्या साखळीत ते १८ असतात. लहान दाण्यांचा तांदूळ किलोभर मोजला तर मोठ्या दाण्यांच्या तांदळापेक्षा त्यात दाणे अधिक भरतात. तसेच खोबरेलाचे रेणू लहान असल्यामुळे एका ग्रॅममध्ये ते अधिक असतात आणि त्यांना सोडाही अधिक लागतो. १ ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम, तर १ ग्रॅम शेंगदाणा तेलाला सुमारे ०.१३६ ग्रॅम. म्हणून एका तेलाची कृती दुसऱ्या तेलाला लावता येत नाही.

माझा कागद आणि ताईचा प्रश्न

मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. खोबरेल १००० ग्रॅम. त्याला सोडा १००० गुणिले ०.१८३, म्हणजे १८३ ग्रॅम. त्यातून ५ टक्के वजा करता उरले १७४ ग्रॅम. पाणी साधारण सोड्याच्या दुप्पट, ३५० ग्रॅम. कागद ताईच्या हातात दिला.

ताईच्या घरी त्या वेळी एक छोटा विजेचा काटा होता. त्यावर अर्ध्या किलोपर्यंतच वजन होई. तेल गिरणीवरून लिटरच्या मापाने येत असे. तिने कागद वाचून विचारले, "तेल हजार ग्रॅम, म्हणजे एक लिटरच ना?"

मी दुसऱ्याच विचारात होतो. मी म्हणालो, "हो."

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी येथेच जीभ चावली असेल. ती मी चावायला हवी होती.

पहिले सात घाणे

एका वेळी जेवढा साबण तयार होतो त्याला ताई 'घाणा' म्हणते. आपण भज्यांचा घाणा म्हणतो ना, तसाच. एका घाण्यात १२० ग्रॅमच्या १२ वड्या निघत. कॉस्टिक सोडा तिने गावातल्याच दुकानातून सुटा आणला होता. दुकानातले पोते बरेच दिवस उघडे होते. सोड्याचे चपटे तुकडे एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या.

साबण करताना ताईची शिस्त कडक असे. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, मुलांना शेडमध्ये बंदी. सोडा नेहमी पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचे नाही. सोडा विरघळताना इतकी उष्णता निघते की एक तृतीयांश लिटरच्या थोडे वर असलेले ते पाणी चुलीशिवाय बघता बघता ८० अंश सेल्सिअसच्या वर जाते. सोड्यावर थोडेसे पाणी पडले तर ते जागीच उकळून अंगावर उडू शकते. भांडे स्टेनलेस स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमचे पातेले सोडा खाऊन टाकतो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हे सारे मी तिला सांगितले होते आणि ते बरोबरही होते.

साबण उत्तम झाला. पांढराशुभ्र, भरपूर फेसाचा. विहिरीचे जड पाणी असूनही खोबरेलाच्या साबणाला चांगला फेस येतो. शिवाय साबणीकरणात सुटे झालेले ग्लिसरीन घरगुती साबणात तसेच राहते. एका वडीत ते सुमारे १० ग्रॅम असते. महिनाभर वाळवून ताईने वड्या ओळखीच्या घरांत दिल्या. सर्वांनी वाखाणणी केली. गावाबाहेर पर्यटकांना खोल्या देणारे एक गृहस्थ होते. परवाना मिळाला की पुढच्या हंगामासाठी आपण शंभर वड्या घेऊ, असे ते आपण होऊन म्हणाले. ताईचा हुरूप वाढला. माझीही छाती फुगली.

एक गोष्ट मात्र मी त्या वेळी मनावर घेतली नाही. ताई एका जुन्या वहीत प्रत्येक घाण्याची नोंद ठेवीत असे. सातव्या घाण्यापुढे तिने लिहिले होते : 'मऊ झाला. साच्यातून निघायला दोन दिवस लागले.' आधीचे घाणे एका दिवसात निघत. मी ती ओळ वाचली आणि पान उलटले.

चांगला सोडा आला

सातव्या घाण्यानंतर सोडा संपत आला. आता उद्योग नीट करायचा, तर माल उत्तम वापरावा, असे मला वाटले. मी शहरातून कंपनीचे मोहोरबंद डबे मागवले. कोरडे, खळखळ वाजणारे तुकडे, एकही गाठ नाही. २०१९ च्या मे महिन्यात ताईने त्यातून आठवा, नववा आणि दहावा घाणा केला. वड्या आधीपेक्षा कडक झाल्या आणि चटकन साच्यातून निघाल्या. आम्ही खूश. कृती तीच, हात तोच, माल अधिक चांगला. मग तपासायचे काय? महिनाभर वाळवून ३६ पैकी ३१ वड्या वाटल्या गेल्या.

जुलैमध्ये शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या पाच वर्षांच्या नातीचे हात लाल झाले होते आणि चुरचुरत होते. काकूंचा स्वभाव भांडखोर नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "साबणाने झालं असेल असं नाही गं, पण तुला सांगावंसं वाटलं."

मी फोनवर ताईला सांगू लागलो, की पावसाळ्याचे दिवस आहेत, पोरीला घामोळे आले असेल, काही मुलांची त्वचाच नाजूक असते. ताई ऐकून घेत होती. मग तिने विचारले, "तू खात्रीने सांगतोस का?"

खात्रीने सांगता येण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

त्याच संध्याकाळी छत्री घेऊन ती घरोघर गेली आणि वड्या परत मागून आणल्या. ३१ पैकी २७ मिळाल्या. चार संपल्या होत्या. आणखी दोन घरांत हात कोरडे पडतात, फुटतात अशी तक्रार निघाली, पण भिडेखातर कोणी बोलले नव्हते. खोल्यांच्या मालकांनाही तिने स्वतः जाऊन सांगितले, की तुमची मागणी मी सध्या घेऊ शकत नाही. ती मागणी त्या हंगामात गेली ती गेलीच. काकूंच्या नातीचे हात आठवड्याभरात बरे झाले, हे नशीब.

चूक कोठे आहे?

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. ताईने वही पुढे ठेवली आणि आम्ही संशयितांची यादी केली. पाणी बदलले का? नाही, तीच विहीर. तेल? तीच गिरणी. सुगंध? घातलाच नव्हता. वाळवण्याचे दिवस? तितकेच. बदलला होता फक्त सोडा, आणि तो तर अधिक चांगला होता!

जुन्या सोड्याचा थोडा उरलेला भाग, नव्या डब्यातला थोडा सोडा आणि दोन्ही प्रकारच्या वड्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत भरून मी महाविद्यालयात नेल्या. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी त्या तपासल्या. साबण अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे थेंब टाकले. सातव्या घाण्याचा द्राव रंगहीन राहिला. नवव्या घाण्याचा गुलाबी झाला. याचा अर्थ, नवव्या घाण्यात मोकळा कॉस्टिक सोडा होता.

मग त्यांनी सोड्याचेच अनुमापन केले. शुद्ध सोडा १ ग्रॅम घेतला, तर तो उदासीन करायला १ नॉर्मल आम्लाचे २५ घन सेंटिमीटर लागायला हवेत. नव्या सोड्याला जवळजवळ तेवढेच लागले. हिशेबाने तो ९९ टक्के शुद्ध निघाला. जुन्या सोड्याला मात्र २३ घन सेंटिमीटरच पुरले. म्हणजे त्यात ९२ टक्केच सोडा होता. बाकीचे काय? कॉस्टिक सोडा हवेतली वाफ अधाशासारखी शोषून घेतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून त्याचा थोडा भाग धुण्याचा सोडा बनतो. त्या गाठी म्हणजे सोड्याने प्यालेले पाणी होते. आपण १७४ ग्रॅम सोडा म्हणून जे तोलत होतो त्यात १४ ग्रॅम सोडा नव्हताच.

आता मी पुरता गोंधळलो. माझा हिशेब शुद्ध सोड्याचा होता. मग शुद्ध सोडा वापरल्यावर साबण बिघडला आणि भेसळीसारख्या कमजोर सोड्याने चांगला झाला, हे कसे?

उत्तर ताईनेच दिले, तेही नकळत. अकरावा घाणा माझ्यासमोर करायचा म्हणून तिने पातेले पुढे ओढले आणि लिटरच्या मापाने तेल ओतले. मी विचारले, "हे वजन करत नाहीस?" ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, हजार ग्रॅम म्हणजे एक लिटर?"

एक लिटर पाणी १००० ग्रॅम भरते. तेल पाण्यावर तरंगते, हे बालवाडीतल्या मुलालाही ठाऊक असते. तरंगते याचा अर्थच ते पाण्यापेक्षा हलके आहे! आम्ही शेजारच्या वाण्याकडून मोठा तराजू आणून ते लिटरभर खोबरेल तोलले. ९२० ग्रॅम भरले.

दोन चुकांची गळाभेट

आता कागद पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर हिशेब करा.

पातेल्यात खरे तेल होते ९२० ग्रॅम. त्याला पुरता लागणारा सोडा ९२० गुणिले ०.१८३, म्हणजे सुमारे १६८ ग्रॅम.

जुना सोडा आम्ही १७४ ग्रॅम तोलला, पण त्यात खरा सोडा होता १७४ चे ९२ टक्के, म्हणजे १६० ग्रॅम. हा १६८ पेक्षा ८ ग्रॅमने, म्हणजे जवळजवळ बरोबर ५ टक्क्यांनी कमी! मला हवी होती तीच सुरक्षित मर्यादा, आणि ती दोन चुकांनी मिळून मला बक्षीस दिली होती. तेल ८ टक्के कमी पडत होते आणि सोडाही ८ टक्के कमजोर होता. एका चुकीने दुसरीला झाकले.

नवा सोडा १७४ ग्रॅम तोलला, त्यात खरा सोडा १७४ चे ९९ टक्के, म्हणजे १७२ ग्रॅम. हा १६८ पेक्षा ४ ग्रॅमने जास्त. बारा वड्यांत मिळून ४ ग्रॅम मोकळा कॉस्टिक सोडा. काकूंच्या नातीच्या हाताला लागला तो हा. एक चूक मी नकळत दुरुस्त केली आणि त्याबरोबर दुसरी उघडी पडली. पातेल्यात जेमतेम २१ ग्रॅम तेल अधिक असते, तर हे ४ ग्रॅम संपून गेले असते.

आणि सातव्या घाण्याची ती ओळ? दुकानातून आणलेला सोडा ताईच्या घरीही हवा लागून दिवसेंदिवस कमजोर होत होता. म्हणून साबण मऊ होत चालला होता. वही तेव्हाच बोलली होती. मीच ऐकले नाही.

सात घाणे चांगले निघाले म्हणून मी कृती बरोबर मानली. खरे पाहता त्या सात घाण्यांनी एवढेच सिद्ध केले होते, की तो सोडा आणि ते माप यांची जोडी जमते. त्यांतले प्रत्येक बरोबर आहे की नाही, हे एकदाही तपासले गेले नव्हते.

उद्योगाने शिकवलेले धडे

त्यानंतर ताईच्या शेडमध्ये काही नियम झाले. ते साबणापुरतेच आहेत असे मला वाटत नाही.

पहिला नियम, सगळे तोलायचे. तेल, सोडा आणि पाणी, तिन्ही वजनाने. मापाने काहीही नाही. ताईने दहा किलोचा काटा घेतला. खोबरेल सुमारे २५ अंशांखाली गोठते. डिसेंबरच्या पहाटे डब्यात ते घट्ट होते, उन्हाळ्यात पातळ होऊन प्रसरण पावते. त्याचे घनफळ ऋतूप्रमाणे बदलते, वस्तुमान बदलत नाही.

दुसरा नियम, माल बदलला की घाणा नवा समजायचा. नव्या डब्यातला पहिला घाणा तपासल्याशिवाय एकही वडी घराबाहेर जात नाही. सोड्याचे झाकण लगेच लावायचे. गाठी झालेला सोडा वापरायचा नाही.

तिसरा नियम, विकायचे वजन वाळलेल्या वडीचे. ताजी वडी १२० ग्रॅम असते. ताईने दर आठवड्याला एकच वडी तोलून नोंद केली : ११२, १०८, १०६, १०५. मग काटा थांबला. पाणी उडून गेले होते. १२० ग्रॅम छापून विकले असते तर ग्राहकाला १५ ग्रॅम साबणाऐवजी हवा मिळाली असती. ताई वेष्टनावर १०० ग्रॅम लिहिते.

चौथा धडा पुढे मिळाला. मागणी वाढली तेव्हा तिने लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट असलेला साचा करवून घेतला. त्यातला पहिलाच ठोकळा आतून तापला आणि वरून भेगाळला. कृती तीच, मग असे का? साचा तिन्ही बाजूंनी दुप्पट केला की आतला साबण आठपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच होतो. साबणीकरणातही उष्णता निघते. ती मोठ्या ठोकळ्यातून लवकर बाहेर पडू शकत नाही. छोट्या कामाची पद्धत मोठ्या कामाला जशीच्या तशी लागू पडत नाही. शेवटी ताईने मोठा साचा सोडून छोटे साचे वाढवले.

पाचवा धडा हिशेबाचा. समजा, एका घाण्याला ३०० रुपयांचा माल लागतो आणि १०० रुपये सुटतात. मग एक घाणा वाया गेला की तीन चांगल्या घाण्यांची कमाई जाते. शिवाय स्वतःचे श्रम, परवाना, तपासणी, वेष्टन हे सारे खर्चात धरायला हवे. 'घरचेच तर काम' म्हणून श्रम मोजले नाहीत, तर तोही लिटरला किलो म्हणण्याचाच प्रकार होतो.

परत आणलेल्या वड्यांचे काय केले, असे तुम्ही विचाराल. मी म्हटले, थोडे तेल घालून पुन्हा शिजवता येतील. ताईने ऐकले नाही. "तुझा हिशेब बरोबर असेलही," ती म्हणाली, "पण या वड्या मी कोणाच्या हातात देणार नाही." मोजे घालून तिने त्या वर्षभर घरच्या गोधड्या आणि पायपुसणी धुण्यात संपवल्या.

तुम्ही काय कराल?

कॉस्टिक सोड्याचा साबण घरी करून पाहू नका. ते काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेतच व्हायला हवे. कधी सोड्याचा थेंब अंगावर उडालाच, तर ताबडतोब भरपूर वाहत्या पाण्याने धुवा आणि मोठ्यांना सांगा.

पण मी जो प्रयोग केला नाही तो तुम्ही पाच मिनिटांत करू शकता. स्वयंपाकघरातला काटा घ्या. त्यावर एक कोरडी वाटी तोला. वाटीत एका खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा तोला. वाटी पुसून त्याच खुणेपर्यंत गोडे तेल भरा आणि तोला. दोन्ही वेळा वाटीचे वजन वजा करा. तेलाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागा. येणारा आकडा ०.९२ च्या आसपास असेल. मग तेलाच्या पिशवीवर पाहा. तेथे लिटर आणि ग्रॅम असे दोन्ही आकडे दिले असले, तर तुमचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहा. मध, दूध, मिठाचे पाणी यांचेही आकडे काढा आणि वहीत लिहून ठेवा. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर तो खोडू नका. त्याच्याशेजारी तारीख घाला. तीच ओळ पुढे कधीतरी तुमच्या उपयोगी पडेल.

ताईला २०२० साली परवाना मिळाला आणि उद्योग आजही चालू आहे. शेडच्या भिंतीवर माझा तो पहिला कागद तिने चिकटवून ठेवला आहे. त्यावरच्या '१००० ग्रॅम' खाली तिने लाल शाईने रेघ ओढून लिहिले आहे : 'लिटर नव्हे.' मी गावी गेलो की तो मला पहिल्यांदा दिसतो. आणि 'घनता' शिकवायला वर्गात उभा राहिलो, की सूत्र लिहिण्याआधी मी मुलांना विचारतो, "एक लिटर तेल किती ग्रॅम?" निम्मी मुले झटकन म्हणतात, "हजार!" त्यांना मी हसत नाही.